कोंडवाडा ओसाड, शिवार उघडं : वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात याच पानावर गायरानाबद्दल लिहिलं. तेव्हापासून टपालात गुरांचीच पत्रं जास्त आहेत. कुणाचं पीक खाल्लं गेलं, कुणाची जनावरं अडकवली, कुणाच्या दारात उकिरडा. माझी सगळी नोकरी ग्रामपंचायतीत गेली. आम्हाला ग्रामसेवक म्हणत, 2024 पासून त्या हुद्द्याचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं. बदल्या होत होत मी बरीच गावं पाहिली, आणि त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे: गुरांवरून होणारी बहुतेक भांडणं जनावर शेतात शिरल्यामुळे चिघळत नाहीत. त्यानंतरच्या पहिल्या दिवसात कुणी काही लिहून ठेवत नाही, म्हणून चिघळतात.

उत्तरांआधी कायद्याचा पाया थोडक्यात सांगते. गुरांच्या अतिक्रमणाचा मूळ कायदा 1871 सालचा. त्यात ‘गुरे’ म्हणजे नुसत्या गाई-म्हशी नाहीत. घोडे, गाढवं, उंट, डुकरं, शेळ्या-मेंढ्या, अगदी हत्तीसुद्धा येतात. गावांसाठी पुढे 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात कोंडवाड्यांचं स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं, आणि नगरपरिषदांचा 1965 चा अधिनियम वेगळा आहे. गाभा सगळीकडे सारखाच. नुकसान करणारं किंवा मोकाट सुटलेलं जनावर पकडता येतं, पण ते कोंडवाड्यातच न्यायचं. मालकाने ठरलेलं शुल्क आणि वैरणीचा खर्च भरून ते सोडवायचं. कुणीच आलं नाही तर जाहीर लिलाव. खालच्या उत्तरांत कोंडवाड्याच्या ज्या मुदती आणि रकमा येतील त्या 1871 च्या कायद्यातल्या आहेत.

प्रश्न : माझा दोन एकर हरभरा घाट्यावर आला होता. चुलतभावाच्या चार गाई रात्री शिरल्या आणि निम्मं रान खाऊन-तुडवून टाकलं. मी गाई आणून माझ्याच गोठ्यात बांधल्या, आज तिसरा दिवस. भाऊ म्हणतो चोरीची केस करतो. गावात कोंडवाडा आहे, पण दार नाही आणि आत बाभळी वाढल्यात. पंचायतीत गेलो तर म्हणाले, घरचं आहे, आपसांत मिटवा. माझं नुकसान कोण भरणार? — एक शेतकरी, जि. हिंगोली

उत्तर : दादा, हे छापून येईपर्यंत गाई गेल्या असतील. गेल्या नसतील तर आजच, दोन माणसांसमोर, लिहून घेऊन त्या परत करा. शेतात शिरलेलं आणि नुकसान करणारं जनावर पकडायचा हक्क तुम्हाला आहे. जमीन कसणाऱ्याला तो कायद्याने दिला आहे, आणि तुम्ही पकडताना कुणी आडवं आलं किंवा दांडगाईने जनावर सोडवून नेलं तर तो गुन्हा आहे. पण त्या हक्काला 24 तासांची मर्यादा आहे. तेवढ्या वेळात जनावर कोंडवाड्यात पोचलं पाहिजे. स्वतःच्या गोठ्यात तीन दिवस बांधून ठेवायची मुभा कुठलाच कायदा देत नाही. तुमच्या मनात लबाडी नव्हती, त्यामुळे ही चोरी ठरायची नाही. पण बेकायदा अडकवून ठेवल्याची तक्रार भाऊ करू शकतो. म्हणजे नुकसान तुमचं झालं आणि उत्तरं देत फिरणार तुम्हीच.

आणखी एक. त्यांतली एखादी गाय दुभती असेल तर धार चुकवू नका. दूध तुंबलं की कासेला दगडी होते, म्हणजे कास सुजून कडक होते, आणि गाय कायमची आटली तर तो दोष तुमच्या माथी येईल. निघालेलं दूध मालकाच्या घरी पोचवा. तुमच्या डोक्यात आज किती राग असेल हे मला कळतं, तरीही पोचवा.

पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येतेच, क्रम असा ठेवा. जनावरं रानात उभी असतानाच मोबाइलवर फोटो काढा, त्यात मागचं झाड, विहीर, बांध असं काही तरी ओळखीचं दिसू द्या. कानातल्या बिल्ल्याचा आकडा टिपा. सकाळी पोलीस पाटील आणि बांधाला बांध असलेले दोन शेजारी बोलावून पंचनामा करा. त्यात ‘निम्मं रान गेलं’ असं लिहू नका, त्या वाक्याला पुढे काही किंमत राहत नाही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट दोरीने आखा. खाल्लेल्या भागात चार-पाच ठिकाणी आणि शाबूत भागात तितक्याच ठिकाणी ती ठेवून झाडं आणि घाटे मोजा, आणि आकडे कागदावर घ्या. किती क्षेत्र तुडवलं गेलं ते पावलांनी नाही, टेपने मोजा. हे काम घडल्या दिवशीच करायचं, कारण आठ दिवसांनी रान काहीच सांगत नाही.

मग ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोहोच घ्या. ‘आपसांत मिटवा’ हे तोंडी उत्तर झालं. तुमच्या हातात पोहोच आली की तोंडी उत्तर पुरत नाही.

भरपाईचं म्हणाल तर इथे बहुतेकांची गफलत होते. कोंडवाड्यात मालक जो दंड भरतो तो सार्वजनिक तिजोरीत जातो, तुमच्या हातात येत नाही. पिकाची भरपाई मागायला दिवाणी न्यायालयाचा रस्ता वेगळा आहे आणि गुरं कोंडवाड्यात घातली म्हणून तो बंद होत नाही. 1871 च्या कायद्यातच तसं स्पष्ट लिहिलं आहे. वनविभागाकडे मात्र जाऊ नका. तिथली भरपाई रानडुक्कर, रोही, हरीण अशा वन्यप्राण्यांच्या नुकसानीची असते. माझ्या अनुभवात मोजणीचे आकडे आणि साक्षीदारांच्या सह्या असलेला पंचनामा समोर ठेवला की बहुतेक मालक न्यायालयापर्यंत जातच नाहीत, रक्कम ठरते. ठरली तर तीही कागदावर घ्या. चुलतभाऊ असला तरी घ्या. चुलतभाऊ आहे म्हणून तर नक्कीच घ्या, कारण ते नातं पुढच्या पिढीलाही चालवायचं आहे.

कोंडवाड्यातल्या बाभळींबद्दल शेवटच्या पत्राच्या उत्तरात लिहिते.

प्रश्न : आम्ही मेंढपाळ. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन खाली उतरतो. यंदा वाटेत वीसेक मेंढ्या एका कांद्याच्या रानात घुसल्या. लोकांनी दोनशेचा सगळा कळप शाळेच्या आवारात कोंडला. कोकरं बाहेर, आया आत. पंधरा हजार द्या म्हणाले. आम्ही दिले, पावती मागितली तर हाकलून लावलं. आम्हाला कुठला कायदा आहे का? — मेंढपाळाचा मुलगा, जि. सातारा

उत्तर : आहे. आणि तो तुमच्या बाजूनेही तेवढाच बोलतो.

शेतकऱ्याचा पकडायचा हक्क शेतात शिरून नुकसान करणाऱ्या जनावरापुरता आहे. रस्त्याने चाललेल्या एकशे ऐंशी मेंढ्यांनी कुणाचं काही खाल्लं नव्हतं, त्यांना अडवायचा कुणालाच अधिकार नव्हता. शाळेचं आवार हा कोंडवाडा नव्हे. आणि दंड जमलेल्या लोकांनी ठरवायचा नसतो. दर आधी ठरलेले असतात, दर डोई असतात, आणि पैसे घेताना नोंदवहीत लिहून सही घ्यावी लागते. पावती नाही म्हणजे ती वसुली दंड नव्हतीच.

बेकायदा पकडलं किंवा अडकवलं असेल तर पकडल्या दिवसापासून 10 दिवसांत दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. ती खरी ठरली तर भरलेली रक्कम परत आणि वर नुकसानभरपाई मिळते. ही भरपाई जास्तीत जास्त 100 रुपये आहे. एकशे पन्नास वर्षांपूर्वीचा तो आकडा आजही तसाच कायद्यात बसला आहे, आणि मला ते लाजिरवाणं वाटतं. तरीही तक्रार करा, कारण पंधरा हजार परत मागायचा मार्ग तिथूनच जातो. दहा दिवस उलटून गेले असतील तर पोलिसांत लेखी अर्ज द्या: धमकावून, पावती न देता पैसे घेतले, एवढंच सरळ लिहा.

कोकरांना आईपासून तोडलं हे वाचून मला फार वाईट वाटलं. जनावर कुणाच्याही ताब्यात असो, त्याला पुरेसं खाणं, पाणी आणि निवारा न देणं हा 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे, आणि दुधावरच्या कोकराचं खाणं म्हणजे आईच. ज्याने कोंडलं तो याला जबाबदार. तुमच्या अर्जात हे वाक्य जरूर घाला.

आता तुमच्या बाजूची खबरदारी. ज्या शेतात वाडा बसवता, मग तो खतासाठी शेतकऱ्याने स्वतः बोलावला असला तरी, त्याचा गट क्रमांक, किती रात्री, किती मेंढ्या हे एका वहीत लिहून त्याची सही घ्या. मधल्या गावच्या गायरानावर हक्क धरून बसू नका. 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे मोफत कुरणावर चराईचा हक्क त्या-त्या गावच्या गुरांचाच असतो. राखीव जंगलात तर पाऊल टाकण्याआधी वनरक्षकाला विचारा. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव जंगलात शिरलेलं जनावर नुकसान करणारंच धरलं जातं, त्याने एक पान खाल्लं की नाही हे कुणी विचारत नाही.

प्रश्न : ताई, माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून दिरांचा गोठा आहे. सहा म्हशी. उकिरडा माझ्या खिडकीखाली. माश्यांमुळे ताट झाकूनही जेवता येत नाही, नातवाला सारखे जुलाब. बोलायला गेलं की म्हणतात, गावात राहायचं तर शेणाचा वास सोसायचा. मला भांडण नको आणि पंचायतीत नावही जायला नको. — एक गृहिणी, जि. सांगली

उत्तर : तुमचे दीर म्हणतात त्यातलं अर्धं खरं आहे. गावात गोठा असणारच, आणि म्हशी पाळायला गावात कुणी कुणाची परवानगी मागत नाही. उरलेलं अर्धं मात्र खरं नाही. शेणाचा वास गोठ्याबरोबर येतो, माश्या उकिरड्याबरोबर येतात, आणि उकिरडा कुठे व किती दिवस ठेवायचा हे पूर्णपणे माणसाच्या हातात आहे.

साधा हिशोब त्यांच्यासमोर मांडा. एक मोठं जनावर दिवसाला 10 ते 15 किलो शेण देतं. सहा म्हशींचं 60 ते 90 किलो, म्हणजे आठवड्याला पाच क्विंटलच्या आसपास, आणि ते तुमच्या खिडकीखाली साठतं. घरमाशी ओल्या शेणात अंडी घालते, आणि उबदार हवेत अंड्यापासून उडती माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून शेण दर चार-पाच दिवसांनी तिथून हललं, पसरून वाळलं किंवा खड्ड्यात जाऊन मातीखाली गेलं, तर माशीची नवी पिढी तयारच होत नाही. औषध फवारून हे होत नाही. फवारलेलं वर राहतं आणि अळ्या खाली ओलाव्यात वाढतात. मूत्रासाठी गोठ्याला उतार आणि एक नाली हवी. तुंबलेलं मूत्र आणि शेण एकत्र आलं की नाकात झोंबणारा वास सुटतो तो तिथूनच.

सहा म्हशी असतील तर गोबरगॅस का नाही, हा प्रश्न मी त्यांना नक्की विचारला असता. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलोच्या आसपास शेण लागतं, आणि तुमच्याकडे त्याहून जास्त आहे. दोन चुली निघतील, एक त्यांची, एक तुमची. बाहेर येणारी मळी खत म्हणून चांगलीच, आणि तिच्यावर माश्या फारच कमी बसतात. भांडण टाळायचं असेल तर बोलणं इथून सुरू करा, जुलाबांपासून नको. जुलाबांनी सुरुवात केली की समोरच्याला तो आरोप वाटतो.

हे करूनही ऐकलं नाही तर मात्र नातवाच्या तब्येतीपुढे भीड धरू नका. पंचायतीकडे अर्ज द्या. घाण हटवायची नोटीस काढणं हे पंचायतीचं काम आहे. त्यानेही हललं नाही तर सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून देऊ शकतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133 कलम होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 152 आहे. त्रास एकट्या तुमच्या घराला असेल तर या कलमाची वाट अवघड होते, म्हणून वाड्यातल्या आणखी दोन-तीन घरांच्या सह्या घ्या. गोठा हलवा असं मागू नका. उकिरडा हलवा एवढंच मागा, ते मिळण्यासारखं आहे.

प्रश्न : रात्री घरी येताना गोऱ्हा आडवा आला, मी मोटारसायकलवरून पडलो, पायाचं हाड मोडलं. त्याच्या कानात पिवळा बिल्ला होता. ज्याचा असावा असं सगळे म्हणतात तो म्हणतो, मी तर तो कधीच विकला. — एक तरुण, जि. जळगाव

उत्तर : तो बिल्लाच तुमचा साक्षीदार आहे. त्यावर 12 आकडे असतात आणि तो क्रमांक मालकाच्या नावासह संगणकावर नोंदलेला असतो. आपल्या राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री, वाहतूक करायची नाही असा शासनाचा नियम झाला. जनावर खरंच विकलं असेल तर नोंदीत मालकाचं नाव बदललेलं असायला हवं. पशुवैद्यकीय दवाखान्यातून ही माहिती पोलिसांनी मागवावी असं तुमच्या तक्रारीत लिहा. तुम्ही स्वतः विचारत फिरू नका.

आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या 291 कलमाखाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच धरली जाते, तेव्हा दवाखान्याचे कागद आणि क्ष-किरण तपासणीचा अहवाल जपून ठेवा. उपचाराचा खर्च मालकाकडून मागायचा तर दावा वेगळा.

रस्त्यावर इतके गोऱ्हे का आले, हेही बोललं पाहिजे. नांगराला ट्रॅक्टर आला. संकरित गाईचा गोऱ्हा शेतात ओढायला फारसा उपयोगी पडत नाही. 2015 पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे न लागणाऱ्या जनावराला गिऱ्हाईक उरत नाही आणि कुणीतरी रात्री दावं सोडून देतो. तरीही जनावर असं सोडून देणं हा त्या 1960 च्या कायद्याखाली गुन्हाच आहे. ज्यांना दूध हवं आहे त्यांनी रेतन करून घेताना लिंगनिर्धारित वीर्यमात्रेची चौकशी करावी. तिच्यामुळे कालवडी जन्मण्याचं प्रमाण खूप वाढतं, आणि गोऱ्ह्यांचा प्रश्न निदान आपल्या गोठ्यापुरता तरी कमी होतो.

प्रश्न : शेजारी म्हणतो, यापुढे गुरं आली तर गुळात औषध कालवून ठेवीन, नाहीतर तारेत करंट सोडीन. बोलतो की करतो, माहीत नाही. — नाव नको

उत्तर : करतो असंच धरून चाला. आजच पोलीस पाटलांना आणि ठाण्यात लेखी कळवा. जनावराला विष घालून मारणं किंवा निकामी करणं यासाठी न्याय संहितेच्या 325 कलमात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि घरची वीज कुंपणात सोडली तर ती गाय कोण, माणूस कोण हे ओळखत नाही. पहाटे पाण्याची पाळी द्यायला निघालेली माणसं, कधी स्वतः तार लावणारा, अशा तारांना चिकटून गेली आहेत. त्या मृत्यूची जबाबदारी तार लावणाऱ्यावर येते आणि सदोष मनुष्यवधापर्यंतची कलमं लागतात.

त्याला कुंपणच हवं असेल तर सौर बॅटरीवर चालणारं झटका यंत्र असतं. ते अखंड वीज सोडत नाही. साधारण सेकंदाला एक, अगदी क्षणभराचा झटका देतं. जनावर दचकून मागे सरतं, मरत नाही. हे त्याला तुम्ही सांगू नका, तुमचं तो ऐकणार नाही. तो ज्याला मानतो अशा माणसाकडून सांगा. आणि तुमची गुरं रात्री बांधलेलीच असू द्या. खोडकर जनावराच्या गळ्यात लोढणं घालायची जुनी पद्धत आहे. लोढणं हलकं असावं, गुडघ्यांना जखम होईल असं नको.

प्रश्न : शहरात बंगल्याच्या मागच्या जागेत दोन गाई पाळायच्या आहेत. परवानगी लागते का? — एक निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर : लागते, गुरुजी. नागरी भागात गुरं पाळणं आणि त्यांची ने-आण यांवर राज्याचा 1976 चा वेगळा नियंत्रण कायदा आहे. तो ज्या नागरी क्षेत्रांना लागू केला आहे तिथे परवाना घेतल्याशिवाय गुरं ठेवता येत नाहीत. मुंबईतल्या म्हशी शहराबाहेर काढायचा प्रयत्न तर त्याच्याही आधीचा. 1949 ला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली ती त्यासाठीच. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात अर्ज करा. पण अर्जाआधी शेण आणि मूत्र रोज कुठे जाणार, याचं उत्तर तयार ठेवा. पावसाळी गटारात, असं उत्तर असेल तर गाई आणू नका.

प्रश्न : मी पहिल्यांदाच सरपंच झाले आहे. ग्रामसभेत सगळे मोकाट गुरांवर ओरडतात, कोंडवाडा दुरुस्त करू म्हटलं की गप्प होतात. करायचं तर नेमकं काय करू? — सरपंच, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, गप्प होतात कारण ओरडणाऱ्यांतल्या निम्म्यांची स्वतःची गुरं मोकाट असतात. तुम्ही करा. बाभळींच्या पत्राचंही उत्तर यातच आहे.

जागा आधी पाहा. कोंडवाड्याच्या जागेवर अतिक्रमण झालं असेल तर मोजणी मागवा. नुसता पडका असेल तर पंधराव्या दिवशी तो वापरात येऊ शकतो. बाभळी काढा, दार बसवा, निम्म्या भागावर पत्रा घाला. एका गाईला साडेतीन चौरस मीटर छताखाली आणि सात उघड्यावर, म्हशीला चार आणि आठ असं प्रमाण धरतात. दहा जनावरांची सोय पुरेशी आहे. शेळ्या-मेंढ्यांना वेगळा कप्पा हवाच, नाहीतर म्हशीच्या पायाखाली येतात. आणखी एक कोपरा आजारी जनावरासाठी तोडून ठेवा. 2022 च्या सप्टेंबरात लंपीमुळे सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर करावं लागलं, बाजार बंद झाले, ते आठवत असेल. कोंडवाड्यात वेगवेगळ्या गोठ्यांतली जनावरं एकत्र येतात आणि तो रोग डास, माश्या, गोचिडांमार्फत पसरतो. अंगावर गाठी, तोंडाला लाळ, लंगडणं दिसलं की वेगळं बांधा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. 2009 च्या पशुरोग कायद्याप्रमाणे मालकाने रोगाची माहिती पंचायतीला द्यायची आणि पंचायतीने पुढे पोचवायची असते. तुमच्या ताब्यात असेपर्यंत मालकाच्या जागी तुम्हीच आहात.

पाण्याचा हौद पहिल्या दिवसापासून. मोठ्या जनावराला दिवसाला 40 ते 60 लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. एक महिन्याचा कडबा आधी भरून ठेवा आणि मगच दवंडी द्या. उपाशी जनावराचा एक फोटो फिरला की तुमचं सगळं काम बंद पडेल, आणि ते रास्तही असेल.

कोंडवाडा ठेक्याने देऊ नका, हा माझा आग्रह समजा. ठेकेदाराचं उत्पन्न पकडलेल्या जनावरांवर असतं, म्हणून तो बांधावर शांत चरणारी गायही हाकून आणतो. पंचायतीचाच माणूस नेमा, जनावरांची माया असलेला.

नोंदवही पक्क्या बांधणीची, पानांवर आकडे छापलेले. प्रत्येक जनावरामागे हे लिहिलं गेलं पाहिजे: दिवस आणि वेळ, कुणी आणलं, कुठल्या गटातून, रंग-शिंगं-खुणा, बिल्ल्याचा क्रमांक, अंगावर जखम होती का, काय खायला घातलं, कुणी सोडवलं, किती भरले, सही किंवा अंगठा. जखमेचा रकाना विसरू नका. जनावर आधीच जखमी होतं की तुमच्याकडे झालं, यावर मी माणसं हातघाईवर आलेली पाहिली आहेत.

सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं. मग नोटीस लागते, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी होते, आणखी सात दिवस वाट पाहिली जाते, त्यानंतर जाहीर लिलाव. मालक सापडला पण पैसे भरत नसेल तर थकबाकी फिटेल एवढीच जनावरं विकायची. बाकीची जनावरं आणि उरलेले पैसे हिशोबासकट त्याला परत. लिलाव करणारा अधिकारी किंवा कोंडवाड्याचा रखवालदार यांना बोली लावता येत नाही. तुम्ही हाच नियम सदस्य आणि त्यांच्या घरच्यांनाही लावा, आणि तसा ठराव पहिल्याच मासिक सभेत करून घ्या, अजून एकही जनावर आत आलेलं नसताना. नंतर तो ठराव कुणीतरी स्वतःवर ओढून घेईल.

दरांचा फलक दारावर लावा. दंड वेगळा आणि दिवसाच्या वैरणीचा खर्च वेगळा असं लिहा, म्हणजे उशीर केला की काय वाढतं हे मालकाला दिसेल. दवंडीनंतर पहिल्या आठवड्यात जे जनावर आत येईल ते कुणाचंही असो, सदस्याचं असो की तुमच्या सासरचं, फलकावरच्या दराने आणि पावतीनेच बाहेर गेलं पाहिजे.